पुस्तक कशाविषयी, आणि पुस्तक काय?

आमच्या युनियनच्या कचेरीत दोन कपाटांचे एक लहानसे वाचनालय आहे. त्याची यादी आम्हीच केली. शाळा अर्ध्यावर सुटलेली, ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण तर नाहीच. एके दिवशी गिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर काम केलेले एक वृद्ध कामगार आले. नातवाला शाळेत म्हणण्यासाठी त्यांना पोवाडा हवा होता. यादीत ‘पोवाडे’ या मथळ्याखाली जे एक पुस्तक होते, ते आम्ही त्यांच्या हाती ठेवले. दुसऱ्या दिवशी ते परत आले व म्हणाले, “भाऊ, ह्यात पोवाड्याची चौकशी लई हाय, पण पोवाडा एकबी न्हाई!”

ते पुस्तक पोवाड्यांविषयीचे होते, पोवाड्यांचे नव्हते. चूक आमच्या यादीची होती. परंतु पुढे वाचन करता असे आढळले की, हा घोटाळा आमच्यासारख्या अर्धशिक्षितांचाच नव्हे. मोठमोठ्या ग्रंथालयांनाही तो निस्तरावयास पुष्कळ काळ लागला.

प्रत्येक पुस्तकाला दोन प्रश्न विचारता येतात. हे कशाविषयी आहे? आणि हे काय आहे? पहिल्याचे उत्तर म्हणजे विषय, दुसऱ्याचे म्हणजे प्रकार. अण्णा भाऊ साठे यांचा ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ घ्या. विषय स्टालिनग्राडची लढाई, प्रकार पोवाडा. मुंबईचे गिरणगाव घ्या. जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक आहे. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून ऐकून सिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ हा मौखिक इतिहास आहे. विषय शेजारचे, पण नाटक बसवावयास निघालेल्या मंडळींना दुसऱ्याचा उपयोग नाही.

अमेरिकेतील चार्ल्स कटर या ग्रंथपालाने १८७६ सालीच आपल्या सूचीच्या नियमांत सांगून ठेवले होते की, ग्रंथालयात अमुक लेखकाचे काय आहे, अमुक विषयावर काय आहे, आणि अमुक वाङ्मयप्रकारातील काय आहे, हे तिन्ही सूचीने दाखवावे. पहिली दोन कामे जोमाने झाली. तिसरे मागे पडले. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत कथासंग्रहाला ‘शॉर्ट स्टोरीज’, तर कथेवरील विवेचनाला ‘शॉर्ट स्टोरी’ असा मथळा असे. सारा भेद एका अक्षरावर! वाचकाला तो कळावा कसा?

त्या ग्रंथालयाने २००७ साली प्रकारांचे मथळे नव्याने बांधावयास घेतले. आरंभ चित्रपट व दूरचित्रवाणीपासून झाला. नकाशे आणि कायद्याचे ग्रंथ यांच्यामागून, संगीत व साहित्य यांचे मथळे २०१५ साली आले. त्या त्या क्षेत्रातील ग्रंथपालांच्या संघटनांना यात सहभागी करून घेतले होते. २०११ साली ही यादी विषयांच्या यादीपासून वेगळीही करण्यात आली. संगणकावरील नोंदीत आता विषय ६५० क्रमांकाच्या रकान्यात, तर प्रकार ६५५ क्रमांकाच्या रकान्यात लिहितात.

मथळा बांधतात कसा? आधी त्या प्रकारच्या कृती खरोखर असाव्या लागतात. कोणाच्या मनात आले म्हणून नाव निघत नाही. मग अनेक नावांपैकी एक मुख्य ठरवितात, आणि बाकीच्या नावांवरून वाचकाला तिकडे पाठवितात. मोठ्या प्रकाराखाली लहान प्रकार जोडतात. मथळा कशाला लावावा आणि कशाला लावू नये, याचा खुलासाही लिहून ठेवतात.

हे वाचताना आम्हांस पगारवाढीचे करार आठवले. ज्या कामाचे नाव करारात नाही, त्याचा दरही ठरत नाही. करणारा मात्र आठ तास राबतच असतो. यादीतही तसेच आहे. ड्यूई पद्धतीत मराठी कवितेचा क्रमांक ८९१.४६१. अभंग, लावणी, पोवाडा, सारे त्या एका छपराखाली. ‘कविता’ एवढेच लिहून थांबलो, तर पोवाडा कपाटात असूनही हरवतो. बखरीला नुसते ‘इतिहास’ म्हटले, तर तीही हरवते. आणि संपाची पत्रके, मागणीपत्रे, द्वारसभांतील गाणी? आमच्या यादीत त्या साऱ्यांचे नाव होते ‘किरकोळ’! ज्यांनी ती लिहिली त्यांच्या हयातीतच आम्ही त्यांना गठ्ठ्यात बांधून टाकले होते.

म्हणून आम्ही सारी कार्डे पुन्हा लिहिली. प्रत्येकावर दोन ओळी: विषय अमुक, प्रकार अमुक. एका पुस्तकात अनेक प्रकार असतील, तर तितके मथळे. ‘किरकोळ’चा गठ्ठा सोडला.

हे करताना ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ हाती आले. त्याच्या जुन्या कार्डावर फक्त ‘समाजसुधारणा’ असे लिहिलेले. जोतीरावांनी १८६९ साली प्रसिद्ध केलेला शिवाजीराजांचा पोवाडा त्याच ग्रंथात आहे! म्हणजे त्या दिवशी आम्ही ज्या कपाटाला पाठ टेकून बसलो होतो, त्यातच तो होता. आम्ही त्याच संध्याकाळी त्या वृद्ध गृहस्थांच्या घरी ग्रंथ पोहोचविला. नातवाच्या शाळेचा कार्यक्रम मात्र आदल्या आठवड्यात होऊन गेला होता.