सपाट छताचा ढाळ
ढाळ (पाणी वाहून जावे म्हणून पृष्ठभागाला मुद्दाम दिलेला उतार) हा गळतीवरील पहिला उपाय असला, तरी सपाट दिसणाऱ्या छताला त्याची गरज नसते, असा समज बऱ्याच ठिकाणी आढळतो. धुतलेले ताट आडवे ठेवले तर त्यात पाणी साचते आणि किंचित कलते ठेवले तर ते निथळते. छताचेही तसेच असते. जळगाव-धुळे परिसरातील धाब्याच्या घरांवर (लाकडी तुळयांवर मातीचे थर दिलेली घरे) पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरताना पाणी पन्हाळीकडे वळेल असा उतार राखला जातो. सिमेंटच्या स्लॅबलाही दर 100 सेंटीमीटरला किमान 1 सेंटीमीटर ढाळ आवश्यक असतो, कारण खानदेशात उन्हाळ्यात तापमान 45 अंश सेल्सिअसच्या आसपास गेल्यावर स्लॅब दिवसा प्रसरण व रात्री आकुंचन पावून त्याला बारीक भेगा पडतात आणि साचलेले पाणी त्यांतून झिरपते. त्यामुळे भेगा बुजवून जलरोधक लेप देणे उपयुक्त असले, तरी तो ढाळाला पर्याय ठरत नाही. खिडकीच्या चौकटीखालची फरशीही बाहेरच्या बाजूस उतरती असावी आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच ठेवावी, म्हणजे पाणी भिंतीकडे न ओघळता तिथेच खाली ठिबकते.