सुट्या कानाची गोष्ट

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या लाटेत, महाराष्ट्रातल्या घराघरांत दोन औषधांची नावं पाठ झाली होती: रेमडेसिविर आणि टॉसिलिझुमॅब. दुसऱ्याचा उच्चार धड जमत नसे, पण चिठ्ठी मुठीत धरून माणसं या दुकानातून त्या दुकानात धावत होती. रक्ताच्या रिपोर्टवर सीआरपी, डी-डायमर आणि बऱ्याचदा ‘आयएल-६’ असा एक आकडा असे. तो वाढला की डॉक्टरांचा चेहरा उतरायचा आणि त्यांच्याकडे बघून आपला. हा आयएल-६ म्हणजे इंटरल्युकिन-६, एक प्रथिन. त्याची हाक ऐकणारं दुसरं एक प्रथिन असतं, त्याचा रिसेप्टर. टॉसिलिझुमॅब जाऊन बसतं ते या दुसऱ्यावर. त्याच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात तो सायटोकाईन नावाच्या छोट्या प्रथिनांमार्फत. दवंडीच म्हणा. जंतू शिरला, जखम झाली, की दवंडी पिटली जाते: यकृत कामाला लागतं, ताप चढतो, पांढऱ्या पेशी धावतात. पण दवंडी ऐकायला कान लागतात. पेशीच्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर हे ते कान.

आयएल-६ चं जनुक १९८६ मध्ये ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने वेगळं केलं. तेव्हा त्याचं नाव निराळंच होतं. एकाच प्रथिनाचा माग वेगवेगळ्या प्रयोगशाळा आपापल्या परीने काढत होत्या. कुणी त्याला बी पेशींना चेतवणारा घटक म्हणत होतं, कुणी यकृताला चेतवणारा, तर कुणी चक्क इंटरफेरॉनचा एक प्रकार. माहेरी एक नाव, सासरी दुसरं, आणि बाई एकच, असा प्रकार. याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली. हृदयात मिक्सोमा नावाची गाठ झालेल्या काही रुग्णांना ताप, सांधेदुखी असली लक्षणं असत आणि गाठ काढली की ती जात. त्या गाठीतल्या पेशी भरमसाट आयएल-६ बनवत होत्या. दवंडी थांबलीच नाही तर गावाचं काय होतं, याचा तो पहिला धडा.

१९८८ मध्ये रिसेप्टरचं जनुक हाती आलं. हे प्रथिन म्हणजे ४६८ अमिनो आम्लांची साखळी. तिचा बराचसा भाग पेशीबाहेर, एक तुकडा पटलातून आरपार गेलेला आणि आत आखूड शेपूट. ही शेपूट निरोप आत पोचवायच्या कामाची नाही. ते काम जीपी-१३० नावाचं जोडीदार प्रथिन करतं, त्याचं जनुक १९९० मध्ये मिळालं. म्हणजे ऐकणारा एक आणि घरात जाऊन सांगणारा दुसरा. गंमत अशी की जीपी-१३० जवळजवळ सगळ्या पेशींवर असतं, पण आयएल-६ चा कान मात्र यकृताच्या पेशी, काही पांढऱ्या पेशी अशा मोजक्या घरांवरच. बाकीचं गाव बहिरं.

आता खरी गोष्ट. एडॅम-१७ नावाचं एक विकर हा कान पेशीवरून कापून टाकतं आणि तो रक्तात सुटा फिरू लागतो. असे सुटे रिसेप्टर इतरही सायटोकाईनचे असतात. ते सहसा भुलवणीचं काम करतात: दवंडी वाटेतच झेलायची, घरापर्यंत जाऊ द्यायची नाही. टीएनएफ नावाच्या सायटोकाईनच्या बाबतीत याच युक्तीचं औषध झालं. त्याच्या रिसेप्टरचा बाहेरचा भाग प्रतिपिंडाच्या शेपटीला जोडून केलेलं एटॅनरसेप्ट १९९८ पासून अमेरिकेत संधिवातासाठी दिलं जातं. आयएल-६ चा सुटा कान मात्र उलट वागतो. आयएल-६ ला धरून तो कुठल्याही पेशीवरच्या जीपी-१३० ला जाऊन चिकटतो आणि जी पेशी कालपर्यंत बहिरी होती तिला ऐकू येऊ लागतं. आपल्याकडे भिंतींनाही कान असतात म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं होतं. जर्मनीतल्या कील विद्यापीठाच्या स्टेफान रोझ-जॉन यांनी हा प्रकार वर्षानुवर्षं उलगडला. रेंगाळणाऱ्या दाहामागे बऱ्याच अंशी हाच मार्ग असतो, असं त्यांचं प्रतिपादन आहे आणि मला ते पटतं.

हे सगळं तपासायचं तर सुटा कान बाटलीत हवा. रक्तातून तो गाळत बसणं परवडणारं नाही, म्हणून तो बनवून घेतात. माणसाच्या जनुकातला पेशीबाहेरच्या भागाचा तेवढा मजकूर घ्यायचा, पटलात रुतणारा तुकडा वगळायचा आणि हे जनुक दुसऱ्या पेशीत घालायचं. रिकॉम्बिनंट म्हणतात ते यालाच. जिवाणूंकडून काम स्वस्तात होतं, पण या प्रथिनावर जागोजागी साखरेच्या साखळ्या लागतात आणि ती कलाकुसर जिवाणूंना येत नाही. म्हणून चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजांडकोशातल्या पेशी वापरतात, नाहीतर एचईके-२९३ या मानवी पेशी. या दुसऱ्या पेशी १९७३ च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये फ्रँक ग्रॅहम यांनी तयार केल्या. २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा क्रमांक. पेशी प्रथिन बनवून भोवतालच्या द्रवात सोडतात. त्याच्या टोकाला मुद्दाम हिस्टिडिनची शेपटी जोडलेली असते, ती निकेलला चिकटते आणि हजार प्रथिनांच्या गर्दीतून नेमकं हेच बाहेर ओढता येतं.

मग ते गोठवून सुकवतात. प्रयोगशाळेत असली कुपी पहिल्यांदा हातात आली तेव्हा ती रिकामी आहे अशी माझी खात्री पटली होती आणि मी तक्रारीचं पत्र लिहायला बसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, “अरे, आधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव, मग उघड. आणि विरघळवलंस की लगेच छोटे छोटे अलिकॉट करून ठेव.” पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाचा एखादा बारीक कण. तो बुचाला चिकटला असेल तर बूच उघडतानाच महिन्याचं बजेट उडून जातं. पुन्हा पुन्हा गोठवलं-वितळवलं तर प्रथिनाची घडी मोडते, म्हणून ते अलिकॉट, म्हणजे एका वेळी लागतील तेवढे छोटे वाटे.

कुपीसोबतच्या कागदावर शुद्धतेखाली एंडोटॉक्सिनचा आकडा असतो. तो आधी वाचावा. एंडोटॉक्सिन म्हणजे जिवाणूंच्या कवचाचा अंश. तो कणभर जरी राहिला तरी पांढऱ्या पेशी स्वतःच आयएल-६ ओकू लागतात. म्हणजे ज्याचा अभ्यास करायचा तेच भेसळीतून निर्माण झालं! ही तपासणी परंपरेने होते ती नालाच्या आकाराच्या एका समुद्री जीवाच्या निळ्या रक्तापासून केलेल्या द्रवाने.

प्रथिन शरीरात जसं वागतं तसंच कुपीतलं वागतं का, हे पाहायला उंदराच्या रक्तकर्करोगाच्या एम-१ पेशी वापरतात. आयएल-६ मुळे त्यांची वाढ थांबते आणि सोबत सुटा कान घातला तर ती आणखी सहज थांबते. कान जितका चांगला, तितका थोडा पुरतो.

असा कान प्लेटवर चिकटवला की त्याला कोण किती घट्ट धरतं ते मोजता येतं. टॉसिलिझुमॅब हे मुळात उंदराचं प्रतिपिंड, पुढे मानवी सांगाड्यावर बसवलेलं. ते रिसेप्टरवर अशा जागी बसतं की आयएल-६ ला तिथे शिरता येत नाही, मग रिसेप्टर पेशीवरचा असो की सुटा. जपानमध्ये २००५ साली कॅसलमन आजारासाठी आणि २००८ साली संधिवातासाठी त्याला परवानगी मिळाली, अमेरिकेत २०१० साली. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला कर्करोगावरच्या कार-टी पेशींच्या उपचारानंतर सायटोकाईनच्या वादळाने मरणाच्या दारात नेलं, तेव्हा संधिवाताच्या याच औषधाने तिला परत आणलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. अशा उपचारांत या वादळासाठी हे औषध हाताशी ठेवावं लागतं.

कोविडमध्ये ते रामबाण नव्हतं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत ४,११६ रुग्णांपैकी ज्यांना ते मिळालं त्यांच्यातले ३१ टक्के २८ दिवसांत दगावले, न मिळालेल्यांतले ३५ टक्के. फरक खरा, पण आपण ज्या आशेने रांगा लावल्या तेवढा नव्हे.

आणखी एक. हे औषध दिल्यावर रक्तातला आयएल-६ वाढतो, कारण कान बंद झाल्याने तो खपत नाही. दाहाचा अंदाज देणारं सीआरपी मात्र झपाट्याने उतरतं, कारण आयएल-६ चा निरोप पोचल्याशिवाय यकृत ते फारसं बनवत नाही. तेव्हा घरात कुणी संधिवातासाठी हे इंजेक्शन घेत असेल आणि ताप-खोकला आला, तर सीआरपी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा.