मंगळाचे रंग पारखणारे कॅमेरे

20 जुलै 1976 रोजी व्हायकिंग-1 हे यान मंगळावर उतरलं आणि लगेच त्यानं पहिलं छायाचित्र घेतलं: खडेगोटे असलेल्या जमिनीवर टेकलेला स्वतःचाच पाय. दुसऱ्या दिवशी पहिलं रंगीत चित्र आलं. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत घाईनं केलेल्या रंगजुळवणीत आकाश निळं दिसलं आणि तेच चित्र जगभर गेलं. मग शास्त्रज्ञांनी कॅमेऱ्याची मोजमापं आणि यानावरचे रंगतक्ते पुन्हा ताडून पाहिले. आकाश निळं नव्हतं. त्यावर गुलाबीसर, पिवळट छटा होती. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी थट्टेनं हुर्यो उडवली, असं खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी लिहून ठेवलं आहे. पृथ्वीसारखं आकाश सगळ्यांनाच हवं होतं.

जिथे आजवर एकही माणूस उभा राहिलेला नाही, तिथल्या रंगाची हमी कोणी द्यायची? मंगळावर फिरणाऱ्या रोव्हर या गाड्यांवरचे कॅमेरे घडवणाऱ्यांनी हा प्रश्न फार मनावर घेतला. या कॅमेऱ्यांची भिंगं उत्तम आहेतच, पण मला त्यांचं खरं मोठेपण या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात दिसतं.

जानेवारी 2004 मध्ये स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे जुळे रोव्हर मंगळावर उतरले. त्यांच्या मुख्य कॅमेऱ्याचं नाव पॅनकॅम. त्याची धुरा जिम बेल यांच्याकडे होती. जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच खांबावर, एकमेकांपासून 30 सेंटिमीटरवर दोन कॅमेरे बसवलेले. दोन्हीकडून एकच दृश्य टिपलं की दगड किती दूर आहे, खड्डा किती खोल आहे, हे कळतं. प्रत्येकाचा सेन्सर 1024 गुणिले 1024 पिक्सेलचा, आजच्या स्वस्तातल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यापेक्षाही कितीतरी कमी पिक्सेलांचा. शिवाय त्याला रंग कळत नाही. उजेड किती पडला, एवढंच तो मोजतो. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यापुढे आठ फिल्टरांची फिरती चकती बसवलेली होती. रंगीत चित्रासाठी वेगवेगळ्या फिल्टरांतून तीन चित्रं घ्यायची आणि पृथ्वीवर एकावर एक बसवायची. काही फिल्टर आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशासाठी होते. लोहाची निरनिराळी खनिजं त्या प्रकाशात वेगळी ओळखू येतात.

तरीही तीन चित्रं एकत्र केली म्हणजे रंग खरा ठरतो, असं नाही. दुकानातल्या दिव्याखाली मोतिया वाटणारी साडी दाराशी उजेडात नेली की वेगळीच दिसते. मंगळावर तर उजेडाचाच रंग बदललेला असतो. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी, पण त्या हवेत लोहाच्या गंजाची बारीक धूळ कायम तरंगत असते. ती निळा प्रकाश शोषते आणि उरलेला तांबूस उजेड सगळ्या वस्तूंवर सांडते. तेव्हा दगडाचा रंग किती आणि उजेडाचा किती, हे वेगळं काढावं लागतं.

त्यासाठी रोव्हरच्या पाठीवर जेमतेम तीन इंचांची चौकोनी तबकडी बसवलेली होती. मध्ये एक छोटा उभा खुंट, त्याच्याभोवती पांढऱ्यापासून गडद करड्यापर्यंतची वर्तुळं आणि चार कोपऱ्यांत चार रंग. तांबड्यासाठी हेमाटाइट, पिवळ्यासाठी गोएथाइट, हिरव्यासाठी क्रोमियमचं आणि निळ्यासाठी कोबाल्टचं संयुग. प्रत्येक रंग किती प्रकाश परतवतो, हे उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेत मोजलेलं. मंगळावर दृश्य टिपायचं आणि त्याच्या आगेमागे या तबकडीचंही चित्र घ्यायचं. तिचा रंग आधीच माहीत असल्यानं तो आणि चित्रात दिसणारा रंग यांतल्या फरकावरून उजेडाचा हिशेब लागतो. खुंटाची सावलीही कामाची. सावलीबाहेर सूर्य आणि आकाश दोघांचा उजेड पडतो, सावलीत फक्त आकाशाचा. एकाच चित्रात दोन्ही मिळाले की आकाशाचा वाटा वेगळा काढता येतो. या तबकडीला सूर्यघड्याळाचं रूप द्यायची कल्पना विज्ञानप्रसारक बिल नाय यांची. तिच्यावर ‘दोन जगं, एक सूर्य’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत.

या युक्तीचा एक शत्रू मात्र तिथे हजर होता: धूळ. महिन्या-दोन महिन्यांत तबकडी मळते आणि मोजमापच बिघडतं. 2012 मध्ये गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटी रोव्हरवर त्याच जातीची एक जादा तबकडी पाठवली, पण रंगांच्या तुकड्यांखाली चुंबकं बसवून. मंगळाची धूळ चुंबकाकडे ओढली जाते. ती चुंबकाच्या कडेला कड्यासारखी साचते आणि मधला ठिपका बराच स्वच्छ राहतो. 2021 मध्ये जेझिरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सची तबकडी कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेत घडली आणि तिच्यातही हीच योजना आहे.

क्युरिऑसिटीच्या मास्टकॅम या कॅमेऱ्याचे दोन डोळे सारखे नाहीत: एकाचं भिंग 34 मिलिमीटरचं, दुसऱ्याचं 100 मिलिमीटरचं. तो घडवणाऱ्या, मायकेल मॅलिन यांच्या सॅन दिएगोतल्या कंपनीला खरं तर त्यावर झूम भिंगं बसवायची होती आणि चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनीही त्यासाठी जोर लावला होता. उड्डाणाआधी पुरेशा चाचण्या होणार नाहीत म्हणून 2011 मध्ये तो बेत सोडावा लागला. पर्सिव्हिअरन्सच्या मास्टकॅम-झी या कॅमेऱ्यात झूम अखेर आलं, 26 ते 110 मिलिमीटरचं. त्याचेही प्रमुख जिम बेलच. 19 एप्रिल 2021 रोजी इंजेन्युइटी या इवल्या हेलिकॉप्टरनं मंगळावर पहिलं उड्डाण केलं, त्याची चित्रफीत याच कॅमेऱ्यानं टिपली.

यातला एकही फोटो कोणी बटण दाबून काढलेला नाही. मंगळापर्यंत रेडिओ संदेश जायला तीन ते बावीस मिनिटं लागतात, त्यामुळे रोव्हरला दिवसभराच्या आज्ञा एकदमच पाठवतात. कोणत्या दिशेला वळायचं, कोणता फिल्टर, किती वेळ उजेड घ्यायचा, सगळं आधी ठरलेलं. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे 40 मिनिटांनी मोठा आणि रात्रीचा पारा उणे 70 अंशांखाली. पहाटे चित्र हवं असेल तर कॅमेरा हलवणाऱ्या मोटारी आधी हीटरनं तापवाव्या लागतात. घेतलेली चित्रं बहुतेक वेळा मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांमार्फत पृथ्वीकडे येतात. आधी इवल्या नमुनाप्रती उतरतात. त्या पाहून पूर्ण आकाराची कोणती मागवायची ते ठरतं, आणि तोवर मूळ चित्रं कॅमेऱ्याच्या स्मृतीत थांबून राहतात.

क्युरिऑसिटीचं सर्वांत गाजलेलं विस्तृत दृश्य 2019 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असंच जमलं. हजाराहून अधिक चित्रं, चार दिवसांत मिळून साडेसहा तासांचं काम आणि जोडल्यावर 180 कोटी पिक्सेल. सगळी चित्रं दुपारी बारा ते दोनच्या दरम्यानच घ्यायची, असं ठरलं होतं. ऊन तिरकं झालं की शेजारच्या दोन तुकड्यांचा रंग जुळत नाही आणि सांधा उघडा पडतो.

एवढी काळजी घेऊनही मंगळाचा ‘खरा रंग’ एकच असत नाही. एक रूप तिथे उभ्या माणसाला दिसेल तसं, तांबूस उजेडातलं. दुसऱ्या रूपात तेच दगड पृथ्वीच्या उजेडात ठेवल्यासारखे दाखवतात. भूशास्त्रज्ञांना हे दुसरं सोयीचं, कारण त्यांचे डोळे पृथ्वीवरच्या खडकांवर तयार झालेले असतात. तिसऱ्या रूपात रंग मुद्दाम भडक करतात, खनिजांमधला फरक ठळक व्हावा म्हणून. तिन्ही रूपं प्रामाणिक आहेत, मात्र कोणतं कोणतं हे सांगितलं पाहिजे. 15 एप्रिल 2015 च्या क्युरिऑसिटीच्या चित्रात मावळत्या सूर्याभोवती निळसर प्रभा दिसते. अनेकांना ती बनावट वाटते, पण आहे खरी. धुळीचे कण असे बारीक असतात की निळा प्रकाश सूर्याच्या दिशेनं थोडा जास्त पुढे येतो.

ऑपॉर्च्युनिटीचं शेवटचं विस्तृत दृश्य मला या कामाचा कस वाटतं. 90 मंगळदिवसांसाठी पाठवलेला हा रोव्हर 14 वर्षांहून अधिक काळ चालला. 13 मे ते 10 जून 2018 या काळात त्यानं 354 चित्रं घेतली. तेवढ्यात ग्रहभर पसरलेल्या धुळीच्या वादळानं सूर्य झाकला, सौरपट्ट्यांची वीज तुटली आणि तो कायमचा गप्प झाला. डाव्या कोपऱ्यातल्या काही चौकटींची हिरव्या आणि जांभळ्या फिल्टरांतली चित्रं घ्यायची राहून गेली. शेजारचे रंग पाहून त्या चौकटी सहज रंगवता आल्या असत्या. प्रसिद्ध झालेल्या चित्रात त्या काळ्या-पांढऱ्याच ठेवल्या आहेत. जे मोजलं नाही ते रंगवायचं नाही, हा नियम शेवटच्या चित्रातही मोडला नाही.

या रोव्हरांची कच्ची चित्रं नासा सर्वांसाठी खुली ठेवते, त्यामुळे हौशी मंडळीही ती घरी जोडतात आणि शास्त्रज्ञांच्या रंगांची उलटतपासणी करू शकतात. मंगळाचं चित्र समोर आलं की त्याखालची ओळ जरूर वाचावी. कोणत्या कॅमेऱ्यानं घेतलं, कोणत्या दिवशी, रंग कसे जुळवले, हे तिथे दिलेलं असेल तर त्या चित्रावर विश्वास ठेवायला आधार आहे. तो आधार मिळावा म्हणूनच ती इवली तबकडी प्रत्येक खेपेला कोट्यवधी किलोमीटर वाहून नेली जाते.