विनोबांची पहिली शाळा

शाळेत पालकसभा असली की आपल्यातल्या कितीतरी जणी मागे भिंतीला टेकून बसतात. बाईंनी काही विचारलं तर "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय" म्हणून गप्प होतात. घरी पोराने वही पुढे केली तरी तेच उत्तर. आज ज्यांच्याविषयी आम्ही सांगणार आहोत, त्यांना सगळा देश आचार्य म्हणत होता. आणि ते आचार्य आपल्या जडणघडणीचं श्रेय कुणाला देत? फार न शिकलेल्या आपल्या आईला.

हे आचार्य म्हणजे विनोबा भावे. ते आपल्याच रायगडचे. साजगावहून खोपोली आणि तिथून पेणच्या रस्त्याला लागलं की पेण तालुक्यात गागोदे गाव आहे. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. नाव विनायक. आईचं नाव रुक्मिणीबाई. त्या त्याला "विन्या" म्हणत.

गागोद्याच्या घराच्या अंगणात फणसाचं झाड होतं. फणस पिकला की पोराला कधी एकदा खातो असं व्हायचं. पण आई आधी पानांच्या द्रोणांत गरे भरायची आणि ते शेजारच्या घराघरांत देऊन यायला सांगायची. सगळ्यांना पोचले की मग विन्याला जवळ बसवून गोड गरे द्यायची. आता तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? आपणही वानवळा देतोच की. तेच तर सांगायचं आहे. याच मुलाने पुढे १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्ली गावात भूमिहीनांसाठी जमीन मागितली आणि भूदान सुरू झालं. मग तेरा वर्षांहून अधिक काळ ते देशभर पायी फिरले आणि ४० लाख एकरांहून जास्त जमीन दानात मिळवली. त्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच शेवटपर्यंत वाटली गेली नाही, हेही खरं. पण आपल्याजवळ आहे त्यात शेजाऱ्याचा वाटा आहे, हा धडा अंगणातल्या फणसाखालचा होता.

दुसरी गोष्ट गीतेची. १९१५ च्या सुमारास हे कुटुंब वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्याला होतं. रुक्मिणीबाई गीतेच्या प्रवचनाला जात. एक दिवस त्या मुलाला म्हणाल्या, संस्कृत मला समजत नाही, मराठीतली गीता आणून दे. त्याने गद्यातली आणली. त्यांना ओव्यांसारखी म्हणता येईल अशी हवी होती. मग त्याने वामन पंडितांची पद्यातली आणली, ती कठीण वाटली. तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, मग तूच का नाही सोपी करून देत?

बघा, या बाईने "मला कळत नाही" असं सांगताना मान खाली घातली नाही. मला कळेल असं सांग, असा हक्काने आग्रह धरला. १९१८ साली रुक्मिणीबाई गेल्या. मुलाने मागणी लक्षात ठेवली. १९३० आणि १९३१ मध्ये त्यांनी गीतेचे सातशे श्लोक सोप्या मराठी पद्यात आणले आणि नाव दिलं "गीताई". गीता आणि आई, दोन्ही त्या नावात आहेत. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, एकूण अठरा. ती साने गुरुजींनी लिहून घेतली. तीच "गीता प्रवचने".

विनोबा स्वतः शाळेत हुशार होते, गणित तर जीव की प्राण. पण जगण्याशी नातं नसलेल्या शिक्षणावर त्यांचं मन बसेना. त्यांनी आपले शाळेचे दाखले चुलीत घातले. आईने विचारलं, काय जाळतोस? पुढे लागतील की, राहू देत. त्यांनी ऐकलं नाही. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले ते सुरतेलाच उतरून काशीला गेले, आणि त्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी झाली.

मैत्रिणींनो, दाखले जपून ठेवायचे बरं का! आपल्या पोरांना ते पावलोपावली लागतात. विनोबांचं घ्यायचं ते वेगळंच. शिक्षणातून तीन गोष्टी याव्यात असं ते सांगत: योग, उद्योग आणि सहयोग. योग म्हणजे स्वतःच्या मनावर ताबा. उद्योग म्हणजे हाताला काम येणं. सहयोग म्हणजे दुसऱ्यांबरोबर मिळून राहणं. नुसतं बोलून ते थांबले नाहीत. स्वतः तासन्‌तास सूत कातलं आणि त्या मजुरीत जेवण भागतं का, हे करून पाहिलं. १९५९ साली त्यांनी पवनारला ब्रह्मविद्या मंदिर उभं केलं, तेही बायांसाठी. तिथे बहिणी मिळून अभ्यास करतात, शेतात राबतात आणि निर्णयही मिळूनच घेतात.

त्यांची आणखी एक सूचना आपल्या भागाला फार लागू पडते. गावात रोज एक तासाची शाळा असावी, मुलांना सकाळी आणि मोठ्यांना संध्याकाळी, असं ते म्हणत. आपल्या खालापूर-कर्जतच्या वाड्यांवरची कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. पोरं बरोबर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात तोवर अक्षर विसरलेलं असतं. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळा हा कायद्याने हक्क आहे, तेव्हा तासाभराच्या शाळेने खऱ्या शाळेची जागा घ्यायची नाही. भट्टीजवळच्या शाळेत नाव घालायलाच हवं. पण संध्याकाळी दिवा लावल्यावर एक तास, चार पोरं एकत्र, एक वाचेल आणि तीन ऐकतील, एवढं झालं तरी अक्षर हातचं जात नाही.

आणि तिथे बसायला आईला शिकलेलं असावं लागत नाही. पोराला म्हणायचं, आज काय शिकलास ते मला माझ्या भाषेत सांग. नाही कळलं तर परत सांग. जो दुसऱ्याला समजावून सांगतो, त्याचं स्वतःचं पक्कं होतं. रुक्मिणीबाईंनी याहून वेगळं काय केलं?

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला विनोबा गेले. पुढच्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. पुढच्या पालकसभेला, मैत्रिणींनो, पुढच्या बाकावर बसा. बाईंचं बोलणं समजलं नाही तर हात वर करा आणि म्हणा, बाई, आम्हाला समजेल असं सांगा.