गाडीची रात्रपाळी

सचिन म्हटलं की आपल्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा एकच नाव आठवतं. पण सुरतेहून मुंबईकडे निघालेल्या लोकलगाडीत बसलात तर उधना, भेस्तान मागं पडल्यावर सचिन नावाचं स्टेशनच लागतं. गाव जुनं आहे. 1791 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका वारसाला पेशव्यांशी झालेल्या करारातून हा मुलूख मिळाला आणि पुढं तिथं छोटं संस्थान नांदलं. म्हणजे आपल्या कोकणाशी त्याचं नातं दोनशे वर्षांहून जुनं. आज मात्र सचिन म्हणजे औद्योगिक वसाहत, कापडाच्या प्रोसेसिंग मिला, यंत्रमाग आणि पाळ्या. उधना-लिंबायतकडे खानदेशी मराठी तर इतकी कानावर पडते की आपण जळगावात उतरलो की काय असं वाटावं.

माझी अक्का लग्न होऊन सचिनला गेली त्याला तीस वर्षं झाली. दाजी तिथल्या एका मिलमध्ये इलेक्ट्रिकल विभागात सुपरवायझर. भाचा हजिऱ्याकडे नोकरीला, सून धारवाडची. त्यामुळे घरात करंट गेला तर अक्का म्हणते ‘लाईट गेली’, सून म्हणते ‘अत्ती, करंट होय्तु’ आणि शेजारीण कुंपणावरून ओरडते ‘लाइट गई?’ आपल्या बेळगावच्या घरांना हे नवीन नाही.

गेल्या हिवाळ्यात मी आठवडाभर तिथं राहिले. सून नववा महिना लागलेली, म्हणून अक्काला हाताखाली कुणीतरी हवं होतं. त्या आठवड्यात घरात सर्वांत जास्त वाद कशावरून झाले असतील? बारशाच्या नावावरून नव्हे. रो-हाऊसच्या पोर्चमध्ये भिंतीवर लावलेल्या, पुस्तकाएवढ्या एका डबीवरून. भाच्यानं विजेची गाडी घेतली होती आणि तिच्यासाठी हा स्मार्ट चार्जर बसवला होता.

‘स्मार्ट’ या शब्दाला अक्काचा आधीपासून विरोध. त्याला कारणही आहे. मे 2024 मध्ये बडोदा आणि सुरतेत स्मार्ट प्रीपेड मीटरविरुद्ध लोक चिडून रस्त्यावर आले होते, ते तिनं पाहिलेलं. तिच्या लेखी स्मार्ट म्हणजे बिल वाढवणारं काहीतरी. मी अर्थशास्त्र शिकवते, तेव्हा निवाडा माझ्याकडे आला. आठवडाभर दाजींची शिकवणी लावली आणि जे समजलं ते इथं सांगते, कारण आता आपल्या भागातही या गाड्या दारात दिसू लागल्या आहेत.

पहिली गंमत अशी, की भिंतीवरची ती डबी मुळात चार्जरच नव्हे. घरातली वीज एसी असते आणि बॅटरीला डीसी लागते. हे बदलण्याचं काम गाडीच्या पोटातलं यंत्र करतं. भिंतीवरची डबी म्हणजे शहाणा स्विच. ती गाडीला संदेश देते, ‘तुला आत्ता इतके अँपिअर घेता येतील’, आणि गाडी तेवढेच घेते. म्हणून गाडीतलं यंत्र 3.3 किलोवॅटचं असेल तर भिंतीवर 7.2 किलोवॅटची डबी लावून गाडी काही लवकर भरत नाही. टाटांची टियागो ईव्ही 2022 मध्ये आली तेव्हा हे दोन्ही पर्याय होते. घेताना आपली गाडी कुठली ते आधी विचारावं, नाहीतर दुकानदार मोठाच आकडा गळ्यात मारतो.

आणि वेगाची खरंच गरज असते का? भाच्याचं रोजचं जाणं-येणं साधारण साठ किलोमीटर. युनिटला सहा किलोमीटर धरले तर दहा युनिटं. आपल्या गीझरच्या 15-16 अँपिअरच्या सॉकेटवर हे तीन-साडेतीन तासांत होतं. बंगळूरची रेवा आठवते ना? 2001 मध्ये रस्त्यावर आलेली ती चिमुकली गाडी असल्याच साध्या सॉकेटवर रात्रभर चार्ज व्हायची. पुढं ती लंडनच्या रस्त्यांवरही धावली. कर्नाटकानं ही गोष्ट इतक्या लवकर केली, याचा आपण पुरेसा अभिमान बाळगत नाही असं मला वाटतं.

मग स्मार्टपणा कशात? दाजींनी मला मीटरजवळ नेलं. मुख्य तारेभोवती एक लहानसं कडं बसवलेलं होतं. घरात या क्षणी किती वीज चालली आहे ते हे कडं मोजतं आणि डबीला कळवतं. त्यांच्या घराचा मंजूर भार सहा किलोवॅट. संध्याकाळी दोन एसी आणि गीझर चालू झाले की डबी गाडीचा वाटा कमी करते. गीझर बंद झाला की पुन्हा वाढवते. अगदीच ओढाताण झाली तर गाडीला थांबवते. पंगतीत पाहुणे वाढले की घरची माणसं मागं सरून बसतात, तसंच. असं कडं नसतं तर एकतर एमसीबी पडत राहिला असता, नाहीतर मंजूर भार वाढवून घ्यावा लागला असता.

इथं बेळगावकरांनी कान टवकारावेत. आपल्याकडे स्थिर आकार मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॅटवर लागतो. भार वाढवला की गाडी उभी असली तरी दर महिन्याला तो आकार भरायचा. माझ्या मते आपल्या घरांसाठी या यंत्राचा खरा फायदा हाच. मोबाईलवर दिसणारे रंगीत आलेख वगैरे कौतुक चार दिवसांचं.

दुसरा गुण वेळेचा. दाजी हे मिलमध्येच शिकले. गुजरातेत मोठ्या कारखान्यांना सकाळी 7 ते 11 आणि संध्याकाळी 6 ते 10 या वेळेतल्या विजेसाठी वर्षानुवर्षं जादा आकार लागत आला आणि रात्रीच्या विजेला सवलत. “मॅडम, तुमच्या पुस्तकात युनिट म्हणजे युनिट,” दाजी मला म्हणाले, “आमच्याकडे सातचं युनिट वेगळं आणि दोनचं वेगळं.” पुस्तकातही तसं नसतं, पण दाजींशी वाद घालण्यात अर्थ नव्हता! भाच्यानं तोच मिलचा हिशेब घरी आणला. गाडी रात्री एकनंतरच चार्ज व्हावी असं त्यानं डबीत लावून ठेवलं. गाडीला रात्रपाळी.

आणि इथंच वाद पेटला. एके रात्री दहा वाजता अक्कानं सहज विचारलं, “गाडीत किती आहे?” भाचा म्हणाला, “अठरा टक्के. एक वाजता सुरू होईल.” अक्का जी उसळली! “हिला मध्ये दुखायला लागलं तर? सुरतेच्या दवाखान्यात काय ढकलत न्यायची गाडी?” भाच्याचं म्हणणं, अठरा टक्क्यांत तीस किलोमीटर सहज जाते. हिशेबानं तो बरोबर होता. पण नऊ महिने भरलेल्या सुनेच्या सासूला टक्केवारी सांगून धीर येत नाही. तिला काटा वर दिसायला हवा असतो. शिवाय फोनवरून ‘लगेच सुरू करा’ असा हुकूम देता येतो, पण तो फोन भाच्याचा. त्याची रात्रपाळी असती तर?

दाजी शांतपणे म्हणाले, “आमच्या जनरेटरची डिझेल टाकी मी कधी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. तू गाडी पेट्रोलसारखी चालवतोस, काटा खाली आल्यावर भरतोस.” मला हे फार पटलं. पेट्रोल आणायला पंपावर जावं लागतं, म्हणून आपण टाकी रिकामी व्हायची वाट पाहतो. वीज दारातच आहे. मग तीन दिवसांनी एकदा कशाला? दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: गाडी घरी आली की रोज चार्जिंगला लावायची, रोजची दहा युनिटं रोज भरायची. तीस युनिटांची बॅटरी आहे, रोज सकाळी जवळपास भरलेली असली तर संध्याकाळी परत येतानाही अर्ध्याहून अधिक शिल्लक राहते. ते ॲप अक्काच्या आणि सुनेच्या फोनमध्येही घातलं. अक्काला त्यात फक्त एक बटण दाखवलं. (बाळ पुढच्या आठवड्यात भर दुपारी आलं, गाडीत ऐंशी टक्के असताना.)

वेळेचा हा खेळ जगात किती पुढं गेला आहे ते पाहा. ब्रिटनमध्ये 30 जून 2022 पासून घरगुती चार्जर विकायचा तर तो स्मार्टच हवा असा नियम आहे. गर्दीच्या वेळा टाळून चार्जिंग व्हावं असं त्यात आधीच लावलेलं असतं, मालक हवं तर बदलू शकतो. त्यातली एक तरतूद मला फार आवडली. ठरलेली वेळ झाली तरी प्रत्येक चार्जर दहा मिनिटांपर्यंत कितीही, आपापला वेगळा उशीर करतो. का? स्वस्त वीज सुरू होताच लाखो गाड्या एकाच सेकंदाला ओढू लागल्या तर वीजजाळ्याला हिसका बसेल. आपल्याकडे गेलेली लाईट येते तेव्हा सगळ्या गल्लीचे पंप एकदम चालू होऊन ती पुन्हा कशी जाते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं समजवायला नको.

पण परदेशातलं रात्रीचं गणित आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. केंद्र सरकारनं जून 2023 मध्ये ग्राहक हक्कांचे नियम बदलले. त्यानुसार शेती सोडून इतर ग्राहकांना स्मार्ट मीटर बसल्यावर वेळेनुसार दर लागायचे, त्यासाठी 1 एप्रिल 2025 ही तारीख होती. त्यात स्वस्त ठरवलेली वेळ रात्रीची नाही, उन्हाची आहे! सौर तासांत दर किमान 20 टक्के कमी असावा असं नियम सांगतो. महावितरणनं जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर सवलत सुरू केली, हे चंदगड-कोल्हापूरच्या पाहुण्यांना ठाऊक असेल. म्हणजे पुढं गाडीला दिवसपाळीच द्यावी लागणार. अडचण एवढीच, की दुपारी नोकरदाराची गाडी कचेरीच्या आवारात उभी असते. घरावर सौर पॅनेल आणि दुपारी दारात गाडी, हे निवृत्तांना जमेल, आणि ज्यांचे तास एकला संपतात त्या माझ्यासारख्या प्राध्यापकांना. जिथं घरगुती दर दिवसरात्र एकच आहे तिथं रात्रपाळीनं पैसा वाचत नाही. तारांवरचा ताण मात्र कमी होतो.

आता आपल्या घरचा प्रश्न: गृहज्योती. 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 2022-23 च्या सरासरी वापरावर दहा टक्के जास्त, एवढी युनिटं मोफत मिळतात आणि महिन्याला 200 च्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं. रोज चाळीस किलोमीटर गाडी चालवली तर महिन्याला दोनशे युनिटं एकटी गाडीच खाते. चार्जर कितीही हुशार असू दे, हे त्याच्या हातात नाही. यावर वाट आहे. फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीनं गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याची सोय झाली आहे आणि कर्नाटकात चार्जिंगचा दरगटही वेगळा आहे. तसं केलं तर घरच्या मीटरवरची युनिटं घरापुरतीच राहतात. दुसऱ्या मीटरचा स्थिर आकार आणि हे सगळं मिळून परवडतं का, ते हेस्कॉमच्या कार्यालयात जाऊन, आपलं मागच्या वर्षभराचं बिल पुढ्यात ठेवून पाहावं. गाडी ठरवण्याआधी पाहावं, नंतर नव्हे.

दाजींनी निघताना मला जे बजावलं त्यात स्मार्ट काहीच नव्हतं. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावायची नाही. मुख्य बोर्डापासून गाडीसाठी वेगळी तांब्याची तार, 32 अँपिअरच्या डबीला साधारण 6 चौरस मिलिमीटरची, तिला स्वतःचा एमसीबी आणि गळती पकडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. पोर्चपर्यंत वायफाय पोचतं का ते आधी मोबाईल घेऊन उभं राहून पाहायचं. आणि अर्थिंग! अर्थिंग कच्चं असेल तर या गाड्या चार्जच होत नाहीत, आणि लोक चार्जरला शिव्या देत बसतात. आमच्या टिळकवाडीतल्या जुन्या घराचा अर्थिंगचा खड्डा कुठं आहे हे कुणालाच आठवेना. शेवटी सासूबाईंनी दाखवला, तुळशी वृंदावनामागं. वायरमन येऊन मोजून गेला, नवा खड्डा घ्यावा लागेल म्हणाला. पाऊस सुरू व्हायच्या आत तो घ्यायचा आहे.