सुशोभीकरण झाले, पण भरावाचे काय?

(खास प्रतिनिधी)

हातकणंगले - गावोगावचे जुने तलाव आता सहलीची ठिकाणे होऊ लागले आहेत. भरावावर फरशीचा पदपथ, बाकडी, दिवे आणि शोभेची झाडे आली, की तलावाचा कायापालट झाल्याचे समाधान मिळते. मात्र, पाणी अडवून धरणारा मातीचा भराव सुस्थितीत आहे काय, हा प्रश्न सुशोभीकरणाच्या आराखड्यात क्वचितच विचारला जातो. वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या मधल्या हातकणंगले तालुक्यात पाऊस जिल्ह्याच्या पश्चिम भागापेक्षा कमी पडतो. त्यामुळे अशा छोट्या तलावांचे मोल येथे मोठे आहे आणि म्हणूनच हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

मातीचे धरण फुटल्यावर काय होते, हे कोल्हापूर जिल्ह्याने पाहिले आहे. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री भुदरगड तालुक्यातील मेघोली लघुप्रकल्पाचा भराव फुटला. त्यात एका महिलेचा मृत्यू झाला, जनावरे वाहून गेली आणि ओढ्याकाठची पिके जमिनीसह खरवडून निघाली. त्याआधी २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून भेंदवाडीवर घाला पडला होता. वीसहून अधिक जणांचा त्यात बळी गेला. दोन्ही धरणांच्या गळतीची चर्चा आधीपासूनच होती.

धोका कोठे असतो?

मातीच्या भरावाच्या मध्यभागी पाणी सहज न झिरपू देणाऱ्या चिकण मातीचा गाभा असतो. दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण आणि पाण्याच्या बाजूस लाटांचा मारा सोसणारे दगडी पिचिंग असते. जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर काढण्यासाठी एका बाजूस सांडवा ठेवलेला असतो. पाणी भरावाच्या माथ्यावरून वाहिले, तर माती तासली जाऊन काही तासांत खिंडार पडते. जगभरातील मातीच्या मोठ्या धरणांच्या दुर्घटनांपैकी सुमारे निम्म्या अशा रीतीने घडल्या आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे कारण भरावाच्या पोटातून झालेली मातीची धूप हे आहे.

थोडेसे स्वच्छ पाणी झिरपणे हे मातीच्या धरणाला नवे नाही. पाणी गढूळ येऊ लागले, तर मात्र आतील मातीचे कण वाहून जात आहेत, असा त्याचा अर्थ होतो. हा मार्ग हळूहळू रुंदावत जातो आणि अखेर वरचा भराव खचतो. मोठ्या झाडांची मुळे कुजली, की त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. घुशी आणि खेकडे यांची बिळेही पाण्याला वाट करून देतात. तिवरेच्या दुर्घटनेनंतर तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले होते आणि त्यावर मोठी टीका झाली. बिळांमुळे भराव दुर्बल होतो, हे खरे आहे. परंतु ती वेळीच शोधून बुजविणे हे देखभालीचेच काम आहे.

सहलीच्या सोयी आणि धोका

सहलीसाठी केलेले बदल किती महागात पडू शकतात, याचे उदाहरण अमेरिकेतील जॉन्सटाऊन येथे घडले. शहराच्या वरच्या बाजूस डोंगरात साऊथ फोर्क हे मातीचे जुने धरण होते आणि ते धनिकांच्या एका क्लबच्या ताब्यात होते. दोन बग्ग्या शेजारून जाव्यात म्हणून भरावाचा माथा खाली घेण्यात आला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसविल्या गेल्या. तळातून पाणी सोडणारे नळ पूर्वीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसविलेच नाहीत. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत हे धरण फुटले आणि २,२०९ लोक मृत्युमुखी पडले. सांडव्यात भिंत घालणे, टपऱ्या उभारणे किंवा भरावावर मोठी झाडे लावणे हे आपल्याकडील प्रकारही त्याच वाटेने जाणारे आहेत.

कायद्याची चौकट

केंद्राचा धरण सुरक्षा अधिनियम ३० डिसेंबर २०२१ पासून अमलात आला. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी तसेच आपत्कालीन कृती आराखडा त्याने बंधनकारक केला. मात्र, हा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी केवळ लांबी, साठवण क्षमता आदी अटींमध्ये बसणारी धरणेच त्याच्या कक्षेत येतात. त्याहून लहान गावतळी आणि पाझर तलाव कक्षेबाहेर राहतात. त्यांची काळजी ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा संबंधित विभागाच्या दक्षतेवरच अवलंबून असते. तलावाखाली वस्ती असेल, तर भरावाची उंची कमी आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येणार नाही.

नागरिकांनी काय पाहावे?

भरावाच्या पायथ्याशी नवे झरे किंवा दलदल, गढूळ पाणी, माथ्यावर भेगा किंवा खोलगट भाग, पिचिंगचे निखळलेले दगड आणि गाळ-झुडपांनी तुंबलेला सांडवा ही धोक्याची लक्षणे होत. यांपैकी काहीही दिसल्यास ग्रामपंचायत, तलाठी किंवा तहसील कार्यालयास लेखी कळवावे. तातडीच्या प्रसंगी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाशी १०७७ या क्रमांकावर संपर्क साधावा. गळतीचे तोंड चिखलाने लिंपण्याचा प्रयत्न मात्र करू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडून वाट काढते. अशा वेळी अभियंते वाळू आणि त्यावर खडीचे थर देतात, त्यामुळे पाणी निघून जाते आणि माती जागेवर राहते.

भरावावरील गवत आखूड ठेवणे, झुडपे लहान असतानाच काढणे आणि सांडवा मोकळा ठेवणे ही फार खर्चाची कामे नाहीत. पदपथ आणि दिव्यांसाठी निधी मंजूर करतानाच भरावाची तांत्रिक तपासणी आणि वार्षिक देखभाल यांची तरतूद झाली, तर तलावकाठी येणारे पर्यटक आणि तलावाखाली राहणारी कुटुंबे या दोघांनाही निश्चिंत राहता येईल.