किती लाल झालं की पुरे?

त्र्यंबकला राहायचं आणि सातपूरच्या एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम करायचं, हे माझं वर्षानुवर्षं चालू आहे. कारखान्यात तापमान मीटरवर दिसतं, गावातल्या लोहाराला ते रंगात दिसतं. प्रश्न दोघांपुढं एकच असतो: पोलाद किती तापवायचं आणि कसं निववायचं?

आमच्या तालुक्यात भात, नागली, वरई. भाताच्या काडात सिलिका भरपूर असते, म्हणून कापणीत विळ्याची धार लवकर जाते. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, फांद्या तोडणाऱ्या कोयत्याचं दुखणं वेगळं. त्याला घाव सोसावे लागतात. धार फार कडक असली तर तिचे टवके उडतात. दोन्ही हत्यारं बरेचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातूनच घडवलेली असतात. माल एक, पण कडकपणा वेगवेगळा हवा. तो भट्टीतून काढावा लागतो.

या पाट्यात लोखंडासोबत साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. पाटा तापवून राखेत हळूहळू निवू दिला, तर कार्बन लोखंडातून सावकाश बाहेर पडतो आणि त्याचे कठीण, पातळ थर मऊ लोखंडाच्या थरांशेजारी बसतात. असा तुकडा घासून आरशासारखा केला, त्यावर अल्कोहोलमध्ये मिसळलेलं सौम्य नायट्रिक आम्ल लावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की हे थर बारीक रेघांसारखे दिसतात. याला पर्लाइट म्हणतात. कानस त्यावर सहज चालते.

७२७ अंशांच्या पुढं लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलू लागते आणि तिच्यात कार्बनला जागा मिळते. आम्ही असा माल साधारण ८५० अंशांवर धरतो आणि तेलात टाकतो. श्रावणी सोमवारी दर्शनबारीची दारं अचानक बंद झाल्यावर माणसं जागच्या जागी दाटून राहतात, तसा कार्बन आत अडकतो आणि सगळी रचना ताणली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली आता रेघांऐवजी सुयांसारखी नक्षी दिसते. हे मार्टेन्साइट, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाचं नाव त्याला दिलेलं आहे. कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रात हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भारानं दाबला, की आकडा साठीच्या वर जातो. पण असा तुकडा फरशीवर पडला तरी तुटू शकतो.

‘जास्त तापवलं की जास्त कडक’ हा समज मी अनेकांच्या तोंडी ऐकतो, आणि तो खोडून काढावासा वाटतो. पोलाद पिवळं होईपर्यंत तापवलं, तर आतले कण वाढून मोठे होतात. असा विळा मोडला, तर मोडलेली बाजू जाडसर आणि चमचमणारी दिसते. नीट तापवलेल्याची करडी, रेशमी दिसते. चांगला लोहार भट्टी सावलीत ठेवतो ती याचसाठी. उन्हात लाल रंग फसवतो.

आमचं त्र्यंबकेश्वराचं मंदिर ज्या काळ्या बेसाल्टचं आहे, त्याच्याही अंगात निवण्याचा इतिहास आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी अकराशे अंशांच्या आसपास तापलेला लाव्हा उघड्यावर पसरला आणि भूगर्भाच्या हिशेबानं चटकन निवला, म्हणून त्याचे स्फटिक बारीक राहिले. तोच रस खोल जमिनीत सावकाश निवता, तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या स्फटिकांचा दगड झाला असता. पोलाद मात्र न वितळताच, घट्ट असतानाच आतून बदलतं. मला त्याचं अजून नवल वाटतं.

लोहाराचं खरं कसब पाणी देताना दिसतं. तो विळ्याची फक्त धार बुडवतो, पाठ तापलेलीच ठेवतो. लगेच बाहेर काढून धार दगडावर घासून उजळ करतो आणि टक लावून बघतो. पाठीतली ऊब धारेकडं सरकते आणि उजळ पट्टीवर रंग चढू लागतात: सुमारे २२० अंशांना गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. हे पोलादावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्याचे रंग. त्या उबेनं अडकलेला कार्बन थोडा सुटतो, ताण उतरतो. कडकपणा जरा घटतो, पण चिवटपणा येतो. विळा असेल तर पिवळा-तपकिरी दिसताच तो सगळा पाण्यात. कोयता असेल तर जांभळ्यापर्यंत वाट बघायची. हातात वेळ असतो काही सेकंदांचा. कारखान्यात आम्ही यालाच टेम्परिंग म्हणतो आणि त्यासाठी माल वेगळ्या भट्टीत तास-दोन तास ठेवतो. कमानपाटा मुळात साडेचारशे अंशांच्या आसपास असाच उतरवलेला असतो. म्हणून तो लवचीक असतो, आणि म्हणूनच नुसता घासून त्याचा चांगला विळा होत नाही.

नवा विळा घेताना धारेवर बारीक कानस हलकेच फिरवून बघा. ती काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पाण्यानंतरची ऊब कमी पडली आहे. दगडावर आपटला की धार उडेल. लोण्यात जावी तशी गेली, तर पाणी लागलेलंच नाही. किंचित अडत, थोडा कीस काढत चालली, तर विळा घ्या.